हात लांब करायला शिकताना

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

अक्षर माझं नाही, हे पाकिटावरचा पत्ता पाहताच तू ओळखलं असशील. मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय. उजवा हात आता ओळ धरत नाही. याच कारणाने तुझ्या पत्राचं उत्तर महिनाभर लांबलं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. का आलं होतं, तेच आज तुला सांगायचं आहे.

तू लिहिलंस, 'पाय मोडल्यापासून चर्चमध्ये भक्तीला गेलो नाही. चाकाच्या खुर्चीत बसून मंडळीसमोर जायचं नाही. देवाच्या कामातून मी निवृत्त झालो असं समज.' हे वाचून मला बोर्डिंगची गच्ची आठवली. उपासाच्या दिवशीही तू विहिरीचं पाणी ओढायचास, दुसऱ्याला कळशी उचलू द्यायचा नाहीस. आपल्याला सेवा करायला शिकवलं, आणि आपण ती मनापासून केली. सेवा करून घ्यायला मात्र कोणी शिकवलं नाही.

गेल्या प्रभुभोजनाच्या रविवारची गोष्ट. द्राक्षरसाच्या प्याल्यांचं ते तबक मी पंचवीस वर्षं बाकाबाकापुढे फिरवलं, एकदाही सांडू दिलं नाही. त्या दिवशी ते माझ्यापुढे आलं. मी प्याली उचलली आणि हात असा थरथरला की निम्मा रस पांढऱ्या सदऱ्यावर. तबक धरणारा पोरगा तोच, ज्याच्या बाप्तिस्म्याला पाण्याचं भांडं मी धरलं होतं. तो काही बोलला नाही. तबक डाव्या हातात घेतलं, उजव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटाखाली लावली आणि प्याली ओठांपर्यंत आणून थांबला. मला आधी राग आला. मग मी प्यालो. घरी आल्यावर सूनबाईंनी डाग धुवायला सदरा मागितला, तो मी त्या दिवशी दिला नाही.

रात्री नातीला योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचायला सांगितला. तिथे प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो, तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून तुझी इच्छा असेल तिकडे जात होतास, पण म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, आणि दुसरा माणूस तुझी कंबर बांधील व तुझी इच्छा नसेल तिकडे तुला नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, योहानाने लगेच तसं स्पष्ट केलंय, ते मला ठाऊक आहे. पण त्याच्या पाठोपाठ प्रभू काय म्हणतो बघ. 'माझ्यामागे ये.' जाळं टाकून धावत सुटणाऱ्या पेत्राला ही हाक पहिल्यांदा आली होती. आता तीच हाक कंबर दुसऱ्याच्या हाती दिलेल्या पेत्राला येते. म्हणजे ओढत नेलेला माणूसही मागे चालतच असतो. इतकी वर्षं हा अध्याय शिकवला, पण ही दोन वाक्यं मी कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती.

आणि हाच पेत्र शेवटच्या भोजनाच्या रात्री पाय मागे घेत होता, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत म्हणून. प्रभूने त्याला सांगितलं, धुतले नाहीत तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. मित्रा, तो पेत्र म्हणजे तू आणि मी. खुर्चीला नाही म्हणणं हा तुला स्वाभिमान वाटतो. मला तो मागे घेतलेला पाय वाटतो. रागावू नकोस, तुला हे सांगणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

म्हातारपण आशीर्वाद आहे, असं व्यासपीठावरून कोणी तरुण सहज बोलून जातो तेव्हा मला ते सोसत नाही. एकाहत्तराव्या स्तोत्रातला म्हातारा असं बोलत नाही. माझी शक्ती क्षीण होईल तेव्हा मला सोडू नकोस, असा तो गयावया करतो. भीती वाटते, ती देवाला सांगायची. ही प्रार्थना पोकळ नाही.

आपल्या लोकांत हे शिकलेली माणसं होती. पंडिता रमाबाईंचे कान तरुणपणीच, इंग्लंडात असताना अधू झाले आणि डॉक्टर व्हायचं राहून गेलं. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही केडगावात त्या बायबलच्या भाषांतराला बसत राहिल्या, 5 एप्रिल 1922 ला जाईपर्यंत. लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणींचा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्यांचं वय 66 होतं. पण मला त्यांच्या कामाहून त्यांचं शिकणं मोठं वाटतं. लग्न होऊन आलेल्या बाईने नवऱ्याकडून अक्षरं गिरवून घेतली, त्यात तिला कमीपणा वाटला नाही. घेणं त्यांना आधीपासून येत होतं.

माझी साधना म्हणशील तर एवढीच. पहाटे तीनला झोप उडते. पूर्वी मंडळीतली नावं घेऊन प्रार्थना करायचो, आता नावं निसटतात. म्हणून मनातल्या मनात गल्लीने चालतो. कोपऱ्यावरचं पत्र्याचं घर, मग नळाशेजारची विधवा, मग तो दारू सुटलेला रिक्षावाला. प्रत्येक दाराशी थांबतो. कुठे शब्दही सुचत नाही, नुसता उसासा निघतो. रोमकरांस पत्रात पौलाने आत्म्याच्या अनिर्वाच्य कण्हण्याविषयी लिहिलंय, त्यावर भिस्त ठेवून पुढच्या दाराकडे जातो. गल्लीच्या टोकाला तुझं घर आणून ठेवलंय. पुणं लांब असलं तरी तिथे रोज पोचतो.

सकाळी सूनबाई सदऱ्याची बटणं लावते. पहिले काही दिवस मी भिंतीकडे बघायचो. आता तिच्याकडे बघतो. वरचं बटण लावताना ती श्वास रोखते, ते मला कधी दिसलंच नव्हतं. काल मी तिला म्हटलं, 'बाई, देव तुझं भलं करो.' ती क्षणभर थांबली, आणि मग खालचं बटण लावलं.

पुढच्या रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन आहे ना? मुलाला सांगून खुर्ची बाहेर काढ. चाकांना तेल घालायला सांग. आणि पत्राचं उत्तर नातवाकडून लिहून घे, तुझ्या हाताने लिहिलेलं नको.

नातीची शाळेची वेळ झाली. खाली सही माझी आहे.

तुझा,
नगरचा मित्र