ताई, तुमच्या बांगडीतल्या पिना

आशाताई,

गावच्या आशा स्वयंसेविका म्हणून तुम्ही आशाताई; तुमचं खरं नाव घालत नाही. घातलं तर महिनाभर माझ्याशी बोलणार नाही तुम्ही. पण परवा माझी तोंडी परीक्षा झाली, पीएच.डी. पदरात पडली, आणि घरी येऊन पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आधी तुम्हीच आठवलात. म्हणून हे जाहीर पत्र.

विषय तसा साधा होता. शेतात राबणाऱ्या साठीपुढच्या बायकांच्या पायांत ताकद किती उरलीय, ते मोजायचं. ती गेली की तोल जातो, माणूस न्हाणीत पडतं, खुबा मोडतो आणि अंथरूण धरतं. मोजायला यंत्रबिंत्र लागत नाही. 43 सेंटिमीटर उंचीची बिनहाताची खुर्ची आणि घड्याळ. हातांची छातीवर फुली करायची आणि 30 सेकंदांत कितीदा पूर्ण उभं राहता येतं ते बघायचं. हाताचा आधार घेतला की बाद.

एवढ्यासाठी तासगाव तालुक्यात मी सहा महिने हेलपाटे घातले. एका कार्यालयाने पत्र मागितलं, ते दिल्यावर वरचं पत्र मागितलं. एका पुढाऱ्याने हॉल देतो म्हणून दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा दाराला कुलूप. एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी तर चारचौघांत विचारलं, "म्हाताऱ्यांना उठाबशा काढायला लावून डॉक्टर होता येतं होय?" सगळे हसले. मीही हसले. मग सांगलीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडत आले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही फक्त विचारलंत, "बायका किती पायजेत?"

त्या दिवशी बायका जमेपर्यंत मी तुम्हाला लंडनच्या बसची गोष्ट सांगितली होती. 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं की दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. तुम्ही म्हणालात, "मग मला काय धाड भरत न्हाई. हजार माणसांचं गाव पायानं पालथं घालतोय मी." आमचं आख्खं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे, आणि तुम्ही ते चप्पल झटकता झटकता गुंडाळून ठेवलंत.

आणि माझी प्रश्नावली! "आपल्या कामात तीव्र स्वरूपाची शारीरिक क्रिया अंतर्भूत असते का?" जी ती म्हणे, "न्हाई बाई." मी आपली शून्यावर शून्य मांडतेय. तुम्ही कागद ओढून घेतलात. "मामी, वैरणीचा भारा कोण आणतंय? भांगलायला किती वाजता जाता? बागंत औषधाचा पंप पाठीवर कोण घेतंय?" जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल करा म्हणते. मामींची दीडशे सोमवारी दुपारीच भरत होती.

पण हे पत्र त्यासाठी नाही, पिनांसाठी आहे.

पहिल्या आज्जी खुर्चीवर बसल्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "भात्तरच्या दुष्काळात थोरली झाली." हातांची फुली केली, उठल्या, आणि डोक्यावरचा पदर घसरला. हात सुटला, पदर सावरला. पुन्हा फुली, पुन्हा उठल्या, पुन्हा पदर. दारात दोन बाप्ये बघत उभे. तीस सेकंदांत चार. दुसऱ्या मावशींचे पाच. मी आकडे लिहीत होते आणि मनात म्हणत होते, पाय इतके गेलेत?

तुम्ही भिंतीला टेकून बघत होतात. काही न बोलता पुढे आलात, हातातल्या बांगडीला अडकवलेल्या पिना काढल्या, एक आज्जींच्या अंबाड्यावर पदराला लावली, एक खांद्यावर. बाप्यांना "तुमचं काय काम हितं?" म्हणून दार लोटलंत. मग आज्जींच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "आता ऊठ, म्हातारे. पदर कुठं जात न्हाई."

बारा झाले. बारा! त्यांच्यासारख्या सत्तरीतल्या अमेरिकन बायकांसाठी 10 ते 15 हा नेहमीचा पल्ला धरतात.

ती पिन नसती तर मी आख्ख्या तालुक्याच्या बायकांचे पाय अधू ठरवून मोकळी झाले असते. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात पदर नव्हता. मला मदत करणारे अगदीच नव्हते असं नाही, पण बहुतेकांचा एक डोळा फोटोवर. तुम्ही मात्र त्या म्हातारीला काय अवघड जातंय तेवढंच बघत होतात. असली माणसं गावोगाव असतात. कार्यालयात ती भेटत नाहीत, उन्हातान्हात कुठल्यातरी दारात उभी असतात.

परवा बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध भराभर उलटला आणि एका ओळीवर थांबल्या. 'चाचणीपूर्वी पदर पिनेने बसवण्यात आला.' विचारलं, "हे कुणाला सुचलं?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली.

तुमच्या सहा पिना अजून माझ्याच पर्समध्ये आहेत. एक वाकलीय. रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन येते. आज्जींनाही निरोप द्या. बारा कमीच झाले, परत एकदा बसून बघते, असं त्या जाताना म्हणाल्या होत्या.

तुमची,
खुर्चीवाली मॅडम