वाकडं नाक आणि तू

कोल्हापूर,
शनिवार, रात्री

प्रिय सुलू,

तुझे तिन्ही फोटो मिळाले आणि त्याखालचा प्रश्नही. ‘खरं सांग, नाक सरळ करायचं ऑपरेशन करू का?’ फोनवर बोलायला घेतलं असतं तर तू मध्येच दहादा तोडलं असतंस, म्हणून सरळ लिहायलाच बसले. शेवटपर्यंत वाच, मग भांड.

एक लक्षात ठेव, मी नाकाची डॉक्टर नाही, भूल देणारी आहे. पण नाकाची ऑपरेशनं बरीच पाहिलीत. आमचं यंत्र पायाकडे ढकललेलं असतं आणि तोंडाचा ताबा सर्जनकडे, त्यामुळे सगळं निवांत दिसतं. शिवाय पेशंट शुद्धीवर येताना काय बडबडतो ते मीच ऐकते.

तिसरा फोटो आधी काढून टाक. तो तू हात लांब करून स्वतःच काढलायस. ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय. त्यात आरशात आपण स्वतःला उलटं बघतो. फोटोत तोच बाक दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो आणि एकदम डोळ्यांत खुपतो. आणि अगं, चेहऱ्याच्या दोन बाजू कुणाच्याच सारख्या नसतात. तुझा डावा गाल उजव्यापेक्षा जरा बसका आहे. नाक ओळंब्यात आणलं तरी तो तसाच राहणार.

पण नाक वाकडं आहेच, उगाच नाही म्हणणार नाही. सहावीत खो-खोच्या खांबावर आपटलीस, रक्त थांबलं, काकूंनी हळद दाबली आणि विषय संपला. त्या काळी सगळ्याच घरी तेवढंच व्हायचं. मोडलेलं हाड न कापता जागेवर बसवायला मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवडे मिळतात, मुलांमध्ये त्याहून कमी, कारण त्यांची हाडं पटकन जुळतात. मग तू उंच झालीस, नाक वाढलं आणि बाकही वाढला. दहावीच्या फोटोत तो आहे, पाचवीच्या फोटोत नाही.

नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा, म्हणजे कानात असतं तसल्या मऊ, लवचीक हाडाचा. आत मधोमध पडदा, तंबूच्या खांबासारखा. खांब कलला की तंबू कलणारच. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा काही वाढलेलं नसतं, हा पडदाच वाकलेला असतो. तुझ्या फोटोत वरचं हाड उजवीकडे गेलेलं दिसतंय आणि मधला भाग डावीकडे. नाकपुड्या लहानमोठ्या दिसतात त्याचं कारण बहुधा पडद्याची खालची कड एका बाजूला सरकलीय. नक्की काय ते आत बघूनच कळेल.

आत्ता एक कर. डाव्या गालावर, नाकाच्या अगदी शेजारी, दोन बोटं ठेव आणि गाल कानाच्या दिशेने ओढून श्वास घे. मग उजवीकडे तसंच. एका बाजूला एकदम मोकळं वाटलं तर तिथली वाट अरुंद असण्याची शक्यता आहे. ही परीक्षा अगदी पक्की नाही, पण डॉक्टरही करतात. तू घोरतेस असं भाऊजी गेली कित्येक वर्षं ओरडताहेत, आणि तू त्यांनाच वेड्यात काढतेस!

आता तुला पार्लरवालीने सुचवलेल्या ‘दहा मिनिटांच्या इंजेक्शन’बद्दल. ते फिलर. बहुतेक वेळा हायल्युरोनिक अॅसिडचं. खोलगट बाजू भरून काढायची, म्हणजे बाक झाकला जातो. काही महिने, फार तर दीडएक वर्ष टिकतं. पण त्यात काही काढलं जात नाही, भरच घातली जाते, म्हणजे नाक मोठंच होणार आणि श्वास होता तसाच राहणार. शिवाय नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. औषध चुकून त्यांत शिरलं तर कातडी मरते, क्वचित नजर जाते. क्वचित म्हणजे क्वचितच, पण गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. अनुभवी डॉक्टरकडे, नेमक्या कारणासाठी ते करायला हरकत नाही. पार्लरच्या खुर्चीवर मुळीच नाही. सुलू, हे मी मैत्रीण म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगतेय.

नुसता पडदा सरळ करून घेतलास तर श्वास सुधारेल, बाहेरून फरक जेमतेम पडेल. नुसतं बाहेरचं केलंस तर वाकडा पडदा नाकाला पुन्हा आपल्याकडे ओढेल. तुझ्यासारख्या नाकाला दोन्ही एकाच वेळी करतात, सेप्टोरायनोप्लास्टी म्हणतात त्याला. दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर बारीक छेद घेतात आणि कातडी वर उचलतात. सगळं उघड्यावर दिसतं, म्हणून फार वाकड्या नाकाला बरेच सर्जन हाच मार्ग पसंत करतात. पडद्याचा वाकडा भाग काढतात, पण वरची आणि पुढची पट्टी राखून ठेवतात, नाहीतर नाक बसेल. काढलेल्या कूर्चेच्याच काड्या करून मधल्या भागात शिवतात, त्याने वाट रुंद होते आणि नाकाचा कणाही सरळ राहतो. पडद्यातली पुरली नाही तर कानामागून, फारच लागली तर बरगडीतून घेतात. त्याऐवजी सिलिकॉनचा तुकडा बसवायचं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

हाडाची पाळी येते तेव्हा मी नेहमी कान टवकारते. छिन्नी बारीक, दोन-तीन मिलिमीटरची. सर्जन ती धरतो, सहायक हातोडीने टक-टक असे दोनच ठोके देतो आणि थांबतो. पुन्हा टक-टक. छिन्नी जाड हाडाशी पोचली की आवाज बदलतो, जड होतो, आणि सर्जन न बघता हात उचलतो. हल्ली ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रंही आलीत, ठोकाठोक नाही. पण हात चांगला असेल तर दोन्हींत फरक पडत नाही असं माझं मत.

माझ्या बाजूचं सांगायचं तर तुला पूर्ण भूल लागेल. उठशील तेव्हा नाक आतून बंद असेल आणि तोंडाने श्वास घ्यावा लागेल. हे आधी न सांगितलेले पेशंट घाबरून हातपाय झाडतात. आदल्या दिवशी नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायची सवय कर. नाकावरची पट्टी आठवडाभर. डोळ्यांखाली काळंनिळं होतं, ते दोन आठवड्यांत उतरतं. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही, तुझी पंचाईत आहे खरी.

आता तुझी घाई. चिन्मयीचं लग्न मार्गशीर्षात, आणि तुला त्याआधी सरळ नाक हवंय. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे लग्न भाचीचं आणि विघ्न तुझ्या नाकाचं! सूज मोठी उतरायला महिना-दोन महिने, आणि टोकाची शेवटची सूज जायला वर्ष. आपली कातडी जाड, कधी जास्तही. लग्नात नथ घालायची असेल तर ऑपरेशन लग्नानंतरच. ताज्या नाकावर नथीचं ओझं कुठलाही सर्जन घालू देणार नाही. लग्न होऊ दे, पौषात बघू.

आणि अगदी सुतासारखं सरळ होईल असं जो सांगेल त्याच्याकडून उठून ये. कूर्चेला जुना बाक आठवतो, थोडी परत फिरते. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्के असं साधारण सांगतात, आणि वाकड्या नाकाचं काम मुळातच अवघड. प्लास्टिक सर्जन असो वा कान-नाक-घशाचा, महिन्याला किती नाकं करतो ते विचार आणि वाकड्या नाकांचे वर्षभरानंतरचे फोटो माग. पहिल्या महिन्याचे दाखवतील, ते बघू नकोस.

तू पुण्यात राहून मुंबईचा डॉक्टर शोधतेयस याचं मात्र हसू आलं. अगं, टिपूने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्याच एका वीटकाम करणाऱ्या माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं होतं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या तिथल्या सर्जनने तीच रीत वापरली. तेव्हा पुण्यातच चार दारं हिंड.

पैशांचं. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा पैसे देत नाही, वर जीएसटी लागतो. जखमेमुळे बिघडलेलं पूर्ववत करण्यासाठी असेल तर जीएसटीतून सूट आहे. म्हणून खो-खोची गोष्ट लाजून लपवू नकोस, कागदावर लिहून घे. पडद्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो, पण बऱ्याच पॉलिसींत त्याला दोन वर्षं थांबावं लागतं. तुझी कधीची आहे ते भाऊजींना विचार. बिलं वेगवेगळी माग.

माझं म्हणशील तर श्वासाचा त्रास खरंच असेल तर कर, आणि करतेच आहेस तर बाहेरचंही त्याच वेळी करून घे. श्वास मोकळा असेल तर मी करणार नाही. पण नाक तुझं आहे, रोज आरशात तूच बघतेस, म्हणून माझं मत तेवढंच धर.

ठरलं तर भूल कोण देणार तेही विचार आणि त्यांना आधी भेट. मी देणार नाही, हट्ट करू नकोस, जवळच्या माणसाच्या बाबतीत माझा हात धजत नाही. पण आदल्या रात्री मुक्कामाला येते. काकूंना नमस्कार. गालाच्या परीक्षेचं काय झालं ते उद्या कळव, नऊनंतर, त्याआधी मी ऑपरेशन थिएटरमधून सुटत नाही.

तुझी,
अंजू