प्रो होण्याआधी

पुणे

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या हंगामापासून गोल्फमध्ये व्यावसायिक खेळाडू (प्रो) म्हणून उतरायचे, असे तू फोनवर सांगितलेस तेव्हा बाबांनी तत्काळ होकार दिला आणि मी विचार करायला थोडे दिवस मागून घेतले. तुझ्या खेळाबद्दल मला शंका नव्हती. एवढा मोठा निर्णय उत्साहाच्या भरात नव्हे, तर सगळ्या बाजू नीट पाहून व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. आता त्या पाहून झाल्या आहेत आणि माझाही होकार आहे. मात्र तू दिलेल्या कारणांपैकी एक मला पटलेले नाही, म्हणून हे पत्र.

प्रायोजक मिळवायचा तर प्रो झालेच पाहिजे, असे तू म्हणालीस. पूर्वी ते खरे होते. परंतु १ जानेवारी २०२२ पासून आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फच्या नियामक संस्थांनी हौशी दर्जाचे नियम बदलले, आणि तेव्हापासून हौशी खेळाडूलाही स्वतःच्या नावावर प्रायोजकत्व घेता येते, खर्चासाठी मदत स्वीकारता येते. बंधन मुख्यतः बक्षिसाच्या रकमेवर आहे. एक हजार डॉलरपेक्षा अधिक मूल्याचे बक्षीस हौशी खेळाडूने घ्यायचे नाही. शिवाय हीरो विमेन्स प्रो गोल्फ टूर या आपल्याकडच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत हौशी मुली व्यावसायिकांच्या बरोबरीने खेळतात, हे तू स्वतः अनुभवले आहेस; आपल्याच अवनी प्रशांत या तरुण खेळाडूने तर हौशी असतानाच तिथे विजेतेपद मिळवले. म्हणजे मोठ्या खेळाडूंशी सामना आणि प्रायोजकाचा आधार या दोन्ही गोष्टी आजही तुझ्या आवाक्यात आहेत. त्यांच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

न्यूझीलंडच्या लिडिया कोचे उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. २०१२ साली पंधराव्या वर्षी तिने कॅनडाची खुली स्पर्धा जिंकली आणि ती हौशी असल्याने विजेतीचे तीन लाख डॉलर दुसऱ्या क्रमांकावरच्या इनबी पार्कला मिळाले. पुढच्या वर्षी तिने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली आणि पुन्हा रक्कम घेतली नाही. प्रो झाली ती त्यानंतर, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये. उलट आपल्या अदिती अशोकने डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोतील लल्ला आयशा टूर स्कूल ही पात्रता स्पर्धा जिंकून महिलांच्या युरोपीय टूरचा मार्ग मोकळा केला आणि १ जानेवारी २०१६ पासून, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला तिने इंडियन ओपन जिंकली. एकीने थांबून पाहिले, दुसरी थांबली नाही; पण आठवड्यामागून आठवडा याच पातळीवर आपण टिकू शकतो, ही खात्री दोघींनीही आधी मैदानावर करून घेतली होती. मागच्या हंगामातील तुझी स्कोअरकार्डे मी पुन्हा काढून वाचली. वाऱ्याच्या दिवशीसुद्धा तुझी दुसरी फेरी आता कोसळत नाही, आणि माझा होकार प्रायोजकाच्या पत्रापेक्षा याच गोष्टीवर आधारलेला आहे.

आता पैशांविषयी. तीन दिवसांच्या, चोपन्न होलच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडू गळतात, आणि जी कटच्या बाहेर राहते तिला एक रुपयाही मिळत नाही. प्रवेशशुल्क, विमानाचे तिकीट, हॉटेल, बॅग सांभाळणाऱ्या कॅडीचे मानधन आणि प्रशिक्षकाची फी मात्र तिलाही चुकत नाही. एका फटक्याने कट हुकणे म्हणजे संपूर्ण आठवड्याचा खर्च अंगावर येणे. हौशी खेळात असा फटका दुःख देतो, पण हिशेबात उतरत नाही. मला भीती वाटते ती नुकसानीची नव्हे, तर चार फुटांवरून चेंडू होलमध्ये ढकलायच्या फटक्यासमोर, म्हणजे पटसमोर, उभी असताना तुझ्या मनात घरच्या खर्चाचा आकडा येईल याची. म्हणून स्पष्ट लिहिते: तुझ्या दोन हंगामांसाठी आम्ही बाजूला काढलेली रक्कम हे कर्ज नाही. ती आम्ही खर्च म्हणूनच धरली आहे, तिच्यामुळे घरातले काहीही अडणार नाही आणि ती परत करण्याचा विषय तू कधीही काढायचा नाहीस. दोन हंगामांनंतर आपण तिघे शांतपणे बसून पुढचे ठरवू. तेव्हा थांबावेसे वाटले, तर रीतसर अर्ज करून हौशी दर्जा परत मिळवता येतो, हेही लक्षात असू दे.

आणि पराभव येतील. हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अदिती शेवटच्या फेरीला सात फटक्यांच्या आघाडीने उतरली, त्या दिवशी तिला ७७ फटके लागले आणि सुवर्णपदक हातचे गेले. जवळजवळ आठ वर्षे व्यावसायिक म्हणून काढलेल्या खेळाडूची ही गोष्ट आहे. तरीही मिळालेले रौप्य हे गोल्फमध्ये भारतीय महिलेने जिंकलेले पहिले आशियाई पदक होते, आणि पुढच्याच महिन्यात तिने स्पेनमध्ये विजेतेपद पटकावले. वाईट फेरीनंतर तू दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाहीस. प्रो झाल्यावर पुढची टी-टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची वेळ, तेवढी वाट पाहणार नाही.

बाबांना तुझी बॅग उचलायची फार इच्छा आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये अदितीचे वडील आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिची आई कॅडी होती, आपल्या दुसऱ्या गोल्फपटू दीक्षा डागरची बॅगही तिचे वडील सांभाळत आले आहेत, हे सगळे त्यांनी मला ऐकवले. तरी माझे मत वेगळे आहे. पहिल्या हंगामात प्रत्येक कोर्सवर तिथल्या ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या गवताचा, उतार ओळखणारा स्थानिक कॅडी घे. बाबा प्रेक्षकांबरोबर दोरीबाहेरून पाहतील. हे मी त्यांनाही सांगितले आहे आणि त्यांनी नाराजीने का होईना, मान्य केले आहे.

बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सोडायचे नाही, यावर चर्चा नको. बक्षिसाची रक्कम यापुढे तुझे उत्पन्न ठरेल, तेव्हा स्वतंत्र बँक खाते उघड आणि प्रत्येक पावती जपून ठेव. प्रायोजकाच्या कराराचा मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठव. दुखापत झाली तर मदत चालू राहील की थांबेल, हे कलम मला आधी वाचायचे आहे.

तुझी,
आई