शाल पाहुण्यांना, प्रमाणपत्र केंद्रप्रमुखांमार्फत : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : जिल्हा परिषद शाळांतील विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या गुणगौरवाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

या पत्राला जावक क्रमांक नाही. नोंदवही ऑफिसातच राहिली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहायची सवय तेवढी निवृत्तीनंतर माझ्याबरोबर घरी आली. आज तीही बाजूला ठेवते.

मी आधी दोनशिक्षकी शाळेवर शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका, आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारी. गुणगौरव समारंभाच्या सगळ्या बाजू पाहून झाल्या आहेत. मुलं घेऊन गेले आहे, टाळ्या वाजवल्या आहेत, हार-तुरे आणले आहेत, ऐनवेळी माईकही हातात घेतला आहे. त्यामुळे पुढे जी तक्रार येणार आहे तिच्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

तालुक्याच्या गावी झालेला एक कार्यक्रम डोळ्यांसमोरून हलत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या मुलांचा सत्कार. वेळ अकराची, पण ‘मुलांना साडेनऊलाच आणून बसवा’ असा निरोप. मुलं आली, बसली. प्रमुख पाहुणे पावणेदोनला आले. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांचं स्वागत. व्यासपीठावर एकवीस खुर्च्या होत्या. मोजल्या होत्या, कारण शाली आणायचं काम माझ्याकडे होतं आणि दोन कमी पडल्या म्हणून मी दुकानाकडे पळाले होते. प्रत्येकाचं नाव सगळ्या पदांसह वाचलं गेलं. भाषणं झाली. मुलांची पाळी आली तेव्हा चार वाजत आले होते. दहा-दहा मुलं वर, एक फोटो, खाली. तिसऱ्या गटानंतर निवेदकाने जाहीर केलं : ‘वेळेअभावी उर्वरित प्रमाणपत्रं केंद्रप्रमुखांमार्फत शाळेत पोच करण्यात येतील.’

माझ्या केंद्रातली पाचवीची एक मुलगी चौथ्या गटात होती. सकाळपासून फ्रॉकची इस्त्री मोडू नये म्हणून ती पाठ न टेकता बसली होती. दोन दिवसांनी मी पिशवीतून तिचं प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेले. आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. तिने ते दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ वाचलं आणि विचारलं, “बाई, हे माझंच आहे ना?”

साहेब, त्या प्रश्नाचं उत्तर मी घाईत दिलं. आता निवांत वेळ आहे, म्हणून हे पत्र.

त्या मुलीचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की कोयता फडावर जातो, तो पाडव्याच्या आगेमागे परत येतो. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे बरोबर हंगामाच्या मधोमध. ती आजीजवळ गावात राहिली, आणि राहिली हीच तिची पहिली परीक्षा होती. तिच्या बरोबरीची दोन मुलं फडावर गेली ती हंगामभर शाळेला मुकली. तिचे गुरुजी सकाळी आठला येऊन जादा तास घ्यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा कुठे पगारही नव्हता.

आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताई. पाचवीपर्यंतच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ हा हिशेब कागदावर आम्ही ठेवतो, पण कोण किती खातं ते ताईंना माहीत असतं. त्या मुलीचं ताट भरलेलं असायचं आणि तरी ती तासाला पेंगायची. गुरुजींना वाटलं, रात्री जागते. ताईंनी पाहिलं, ती अर्धी खिचडी डब्यात भरून धाकट्या भावासाठी घरी नेते. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी पातेल्याच्या तळाचं, सगळ्यांचं वाढून उरलेलं, त्या डब्यात आधीच भरून ठेवायला सुरुवात केली आणि पोरीला सांगितलं, ताटातलं इथंच बसून संपवायचं. एवढंच. याचा कुठे अहवाल नाही. मला तरी हे सगळं निकालानंतर कळलं. निकालाच्या कागदावर बैठक क्रमांक असतो, गुण असतात आणि शाळेचा यू-डायस क्रमांक असतो.

पुढे जे झालं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. चुकीच्या आडनावाचं प्रमाणपत्र गुरुजींनी कपाटात ठेवून दिलं. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, खाऊ वाटून झाला, आणि लोक उठायच्या आत त्यांनी वर्गातला फळा बाहेर पटांगणात आणला. म्हणाले, आपल्या शाळेतली एक मुलगी शिष्यवृत्तीत आली. पेपरात काय विचारतात ते तीच सांगेल.

तिने फळ्यावर घड्याळ काढलं. प्रश्न असा : आरशात घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झालेली दिसतात, तर खरे किती वाजले? एक आजोबा म्हणाले, “तीन-चाळीसच की! आरसा काय वेळ बदलतो?” लोक हसले. ती हसली नाही. म्हणाली, “आठ वाजून वीस मिनिटं. बारातून वजा करायचं.” कुणाचा विश्वास बसेना. मग ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्याचे काटे आठ-वीसवर लावले, समोरच्या घरातून एक बाई आरसा घेऊन आल्या, आणि अख्खं गाव एकेक करून त्यात डोकावू लागलं. मुलीची आजी सगळ्यात शेवटी आली. तिने बघितलं, पदराने आरसा पुसला आणि पुन्हा बघितलं.

या कार्यक्रमाला खर्च आला नाही. व्यासपीठ नव्हतं, शाल नव्हती. घड्याळाचे काटे हलवल्यामुळे ते दोन दिवस मागे पडत होतं, एवढंच नुकसान.

मला वाटतं फरक इथे आहे. तालुक्याला आम्ही मुलांना दाखवलं. गावात मुलीने काय केलं ते दिसलं. आपल्याकडचे बहुतेक गुणगौरव पहिल्या प्रकारचे असतात, त्यात मूल हे फोटोतलं एक डोकं असतं. त्याला काय येतं हे त्या दिवसभरात एकदाही कुणी विचारत नाही.

आपल्याकडे शिक्षणासाठीचा गुणगौरव नवा नाही. भिडे वाड्यात 1848 साली शाळा सुरू झाली आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला. शिक्षणकार्यासाठी झालेला तो सरकारी सत्कारच. पण मला त्याहून जास्त आठवते ती मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. तिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. तिला काय बक्षीस मिळालं, शाल मिळाली की नाही, मला माहीत नाही आणि त्याने काही अडतही नाही, कारण तिचं लिहिलेलं आजही वाचता येतं. त्या काळच्या एका बक्षीस समारंभाची गोष्ट अशी सांगतात की, खाऊ-खेळणी द्यायला आलेल्या पाहुण्यांना एका मुलीने सांगितलं, आम्हाला हे नको, शाळेला वाचनालय द्या. खरी असो वा नसो, आजच्या समारंभात तिला माईक मिळाला नसता एवढं नक्की.

शिक्षकांच्या पुरस्कारांबद्दलही थोडं बोलू द्या. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकाला स्वतःचं नामांकन स्वतः पोर्टलवर भरता येतं. रौप्यपदक आणि 50,000 रुपये. यामागचा हेतू चांगला होता, शिफारशींचा आणि ओळखीपाळखीचा खेळ त्यामुळे आवरला गेला, हे मी मान्य करते. पण खालपर्यंत येता येता ‘स्वतः अर्ज करा’ याचा अर्थ ‘स्वतःची फाइल जाडजूड करा’ असा झाला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, कात्रणं, लिंका. माझ्या केंद्रात एक शिक्षिका होत्या. तिसरीत आलेल्या पण अक्षरओळखीवरच अडकलेल्या मुलांना दिवाळीपर्यंत वाचतं करणं हे त्यांचं दरवर्षीचं काम. मी त्यांच्या मागे लागले, अर्ज भरा. त्या म्हणाल्या, “बाई, माझ्याबद्दल मीच काय लिहू?” शेवटी चार ओळी लिहिल्या. त्याच वेळी दुसऱ्या एका प्रस्तावाची फाइल मी दोन्ही हातांनी उचलली होती. पुढचं आपण ओळखलं असेलच. ज्यांना पुरस्कार मिळाले ते सगळे नालायक होते असं मला म्हणायचं नाही; काही तर फार मोठे शिक्षक आहेत. मात्र वर्गात जो रमतो त्याला फाइल रचता येत नाही, आणि आपली निवड फाइलवर होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला होता. 10 लाख डॉलर. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बक्षिसाच्या बातम्या पुष्कळ झाल्या, पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना आम्ही बोललो ते या वाटणीबद्दल. कारण कुठलीच शाळा एकट्याच्या जिवावर चालत नाही, हे त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मग आपल्या राज्यात शाळेच्या चमूला मिळेल असा सन्मान का नसावा? शिक्षक, शिपाई असला तर तो, खिचडीच्या ताई, आणि गावातला तो इलेक्ट्रिशियन, जो पैसे न घेता वर्गातले पंखे दुरुस्त करून जातो. नामांकन त्यांनी नव्हे, पालकांनी आणि शेजारच्या शाळेच्या शिक्षकांनी करावं. कोण काय करतं हे शेजारच्या शाळेला अचूक माहीत असतं, विश्वास ठेवा.

मुलांना खरंच काही द्यायचं असेल तर जे कबूल केलं आहे ते वेळेवर द्या. एनएमएमएस या गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी आठवीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मी पाहिलेल्या कितीतरी मुलांचे पैसे कधी आधार जोडलेलं नाही म्हणून, कधी खातं बंद पडलं म्हणून, कधी नावातल्या एका अक्षरासाठी अडकले. त्या वयात महिन्याला हजार रुपये म्हणजे बसचा पास आणि वह्या. सत्कारात मोठ्या अक्षरांतला धनादेश हातात देऊन फोटो काढलेला मुलगा सहा महिन्यांनी मला बँकेच्या रांगेत भेटला आहे. तो ‘ळ’ आणि ‘ल’चा प्रश्न प्रमाणपत्रापुरता नसतो.

पटाचंही एक आहे. चौदा पटाच्या शाळेतलं एक मूल नवोदयला लागलं, तर किती मुलं निवडली गेली याच्या तक्त्यात ते उठून दिसत नाही, आणि तीच शाळा कमी पटाची म्हणून बंद होणाऱ्यांच्या यादीत मात्र पटकन दिसते. यावर मोठं पत्र लिहावं लागेल, आज नको.

आता एक विनंती, आणि ती मनापासून आहे. हे पत्र आपल्यापर्यंत पोचलं आणि आवडलं, तर कृपा करून यावर परिपत्रक काढू नका. मी या खात्यात आयुष्य घालवलं आहे. ‘प्रत्येक शाळेने 15 ऑगस्ट रोजी आरसा व घड्याळ उपक्रम राबवून किमान पाच फोटो दिलेल्या लिंकवर सायंकाळी 5 वाजेपर्यंत अपलोड करावेत’ असं पत्र केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं मला स्वप्नात दिसतं. तालुक्याचे समारंभ तेवढे कमी करा, आणि अधिकाऱ्यांना सांगा की सत्कार करायचा असेल तर मुलाच्या शाळेत जा, त्याच्या बाकावर बसा, आणि त्याने काय केलं ते त्यालाच विचारा.

आपणही या. परिपाठाच्या वेळेला आलात तर उत्तम. दौरा मात्र आधी कळवू नका, कारण कळवलंत तर ताई त्या दिवशी खिचडी टाकायची सोडून रांगोळी काढत बसतील, आणि मुलं साडेनऊपासून उन्हात उभी असतील.

आपली नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख