विषय: खाडीच्या मध्यावर बंद केलेली गाडी आणि मासळीच्या वासाचे अडीच हजार

दि. ९ फेब्रुवारी २०२६
प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग (असा विभाग असल्यास)

स.न.वि.वि. मुद्दाम लिहीत नाही.

आज सकाळी सव्वादहाला तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं की माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' झाली आहे. समाधान कोणाचं झालं, असं विचारलं तर म्हणाला, "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय मॅडम." मग आणखी काही मदत करू का, असंही विचारलं. आणखी! म्हणजे आधी काही केली होती, आणि ती माझ्या लक्षात आली नाही.

चालकाविना भाड्याने घेतलेली सात आसनी गाडी, २३ ते २६ जानेवारी, भाडं १९,६०० रुपये, अनामत १०,००० रुपये. बुकिंग माझ्या नावावर, परवाना माझा, गाडी चालवणारीही मीच. हे तिन्ही मुद्दे पुढे लागणार आहेत, म्हणून आधीच लिहून ठेवते. अनामत परत आली शून्य. 'वाहन पाण्यात नेणे' ७,५०० रुपये, 'मासळीचा वास, विशेष स्वच्छता' २,५०० रुपये. बेरीज बरोबर दहा हजार. अनामत किती आहे ते बघून गुन्हे ठरवता की गुन्ह्यांना अनामतीचा अंदाज असतो, तेवढं एकदा कळवा.

पहिले दोन दिवस तुमच्याबद्दल तक्रार नाही. मागच्या सीटखाली आधीच्या गिऱ्हाइकाचा अर्धा वडापाव कागदासकट होता, त्याचा फोटो मी तुमच्याच ॲपवर टाकला होता आणि तुमच्या ॲपने त्यावर 'धन्यवाद' म्हटलं होतं. तरी ती तक्रार मी धरत नाही. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली करत हर्णैला पोचलो. दुसऱ्या दिवशी बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहिला, समोर सुवर्णदुर्ग पाहिला, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. कर्द्याच्या किनाऱ्यावर लोक गाड्या थेट वाळूत घालत होते. मी घातली नाही. रस्त्यावर, झाडाखाली उभी केली आणि सासूबाईंना चालत नेलं. खाऱ्या पाण्याने गाडीचा खालचा पत्रा सडतो, चाकं वाळूत रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं, हे मला तुमच्या अटी न वाचताही माहीत आहे. नियम योग्यच आहे. मी तो पाळला, हेच माझं दुःख आहे.

रविवारी, २५ तारखेला, रथसप्तमी होती. सासूबाईंनी सकाळी घरमालकिणीच्या अंगणात गोवरीवर दूध उतू घालून सूर्याला नमस्कार केला आणि आम्ही दाभोळला निघालो. पलीकडे गुहागर तालुका, त्यात पालशेत, आणि पालशेतला माझ्या सासऱ्यांचं, अप्पांचं बालपण गेलेलं. वय ७६. त्यांना तिथल्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळात बसून एकदा गरवायचं होतं, म्हणजे गळाने मासे धरायचे होते, नातवंडांना सोबत घेऊन. गरी, दोरा, शिसं सगळं त्यांनी महिनाभर आधीच घरी बांधून ठेवलं होतं. त्यासाठी ही सहल. बाकी सगळं तोंडी लावायला.

अप्पांनी भरतीची वेळही सांगून ठेवली होती. तिथीची पाऊणपट करायची: सप्तमी, सात गुणिले पाऊण, म्हणजे सव्वापाच. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस, पाणी फार चढणार नाही, पण सव्वापाचला खडपावर पाहिजेच, असं ते दोन दिवस घोकत होते. शाळा सातवीपर्यंत झालेला माणूस समुद्र कुठे आणि कधी असेल हे बोटांवर सांगतो. तुम्हाला उपग्रह लावूनही गाडी कुठे आहे ते कळलं नाही.

आता फेरीबोटीबद्दल. दाभोळ ते धोपावे ही बोट २००३ पासून वाशिष्ठीच्या खाडीतून गाड्या पलीकडे नेते. मोटारी, टेम्पो, दुचाकी, माणसं सगळं. दहा-पंधरा मिनिटांत धोपावे. नाहीतर दापोलीला मागे जाऊन खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटरचा वळसा. ही बोट मी शोधून काढलेली नाही. तुमच्या ॲपने दाखवलेला रस्ता तोच होता: खाडीवर तुटक रेघ, बाजूला बोटीचं छोटं चित्र. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. तुमच्याच ॲपचा.

बोट सुटली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, मुलं कठड्याशी जाऊन जुन्या एन्रॉन वीजप्रकल्पाच्या चिमण्या शोधू लागली. साडेबारा वाजता तुमचा संदेश आला: 'आपले वाहन प्रतिबंधित क्षेत्रात आहे.' त्यापाठोपाठ फोन. हे संभाषण मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, कारण नंतर माझाही विश्वास बसला नसता.

"मॅडम, आपली गाडी पाण्यात दिसतेय."

"हो, बरोबर आहे. फेरीबोटीवर आहे."

"मॅडम, गाडी ताबडतोब पाण्याबाहेर घ्या."

"आत्ता? आम्ही खाडीच्या मध्यावर आहोत."

"मॅडम, आमच्या नकाशावर तिथे रस्ता नाही."

"रस्ता नाही म्हणूनच बोट आहे हो."

थोडी शांतता. मला वाटलं कळलं.

"मॅडम, गाडीत पाणी शिरलंय का?"

"नाही."

"मग मॅडम, गाडी पाण्यात कशी?"

इथपर्यंत मी हसत होते, हे कबूल करते. मग त्याने विचारलं, "मॅडम, सर आहेत का? जरा सरांना द्या."

मी सांगितलं, बुकिंग माझं आहे, गाडी मी चालवते आहे, बोला. तो म्हणाला, "हो मॅडम, पण सरांशी बोललो असतो तर बरं झालं असतं." माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. त्याला सायकलसुद्धा उताराचीच आवडते. तरी फोन दिला, म्हटलं बघू तर काय होतं. आणि जे मला पाच मिनिटांत सांगितलं नव्हतं ते त्याला पाच सेकंदांत सांगितलं: "सर, सुरक्षेसाठी आम्ही इंजिन लांबून लॉक केलंय. गाडी जमिनीवर दिसली की सुरू करून देऊ." नवऱ्याने विचारलं, "गाडी सुरू झाल्याशिवाय ती जमिनीवर येणार कशी?" त्यावर तुमचा माणूस म्हणाला, "सर, ते तुम्हाला बघावं लागेल."

हे वाक्य तुमच्या दारावर पाटी करून लावा.

धोपाव्याला बोटीचा रॅम्प खाली पडला. सगळ्यात पुढे आमची गाडी. मागे टेम्पो, मोटारी, आणि त्या सगळ्यांचे हॉर्न. मी किल्ली फिरवत होते, काट्यांचे दिवे लागत होते, इंजिन ढिम्म. दुचाकीवाले बाजूने उतरून गेले होते, त्यातले चौघे आपल्या गाड्या वर लावून परत आले. बोटीवरचे खलाशी आले. नारळाच्या टेम्पोचा ड्रायव्हर आला. सगळ्यांनी मिळून सहा माणसांचं सामान भरलेली सात आसनी गाडी त्या चढावरून ढकलली. इंजिन बंद असताना तुमच्या गाडीचं स्टीअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक दाबायला पायात बैल लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच, गाडी तुमची आहे. मागे पाणी. अप्पाही ढकलायला लागले होते, त्यांना सासूबाईंनी हाताला धरून ओढून काढलं. आत्ता लिहिताना गंमत वाटते. तेव्हा गाडी एकदा वीतभर मागे सरकली होती, आणि मागे ढकलणारी माणसं उभी होती. हे ज्याने लॉकचं बटण दाबलं त्याला कुणीतरी सांगा. सरांनी सांगितलं तरी चालेल.

रथसप्तमीला सूर्याचा रथ फिरतो म्हणतात. आमचा जेट्टीवर उभा होता.

गाडी जमिनीवर आली ती पावणेएकच्या सुमाराला. सुरू झाली चार वाजून पन्नास मिनिटांनी. मधल्या चार तासांत मी तुम्हाला नऊ फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून: मॅडम, गाडी पाण्यात दिसतेय. आता जमिनीवर आहे म्हटलं की, "मॅडम, जमिनीचा फोटो पाठवा." पाठवला. "मॅडम, फोटोत मागे पाणी दिसतंय." धोपाव्याची जेट्टी आहे ती, मागे पाणी दिसणार नाही तर काय पर्वती दिसेल? नऊपैकी पाच जणांनी सरांना द्या म्हटलं. अप्पांना रिक्षाने पुढे पाठवायचं ठरवलं की तुमचा माणूस सांगायचा, "पाचच मिनिटं, वरून मंजुरी येतेय." आणि गाडी सोडून जाऊ नका, नाहीतर बेवारस सोडल्याचा वेगळा दंड, असंही. म्हणून सहाही जण तिथेच बसून राहिलो. तिथल्या एका चहावाल्या काकूंनी आम्हाला दोनदा चहा दिला आणि दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. तेवढंच त्या दिवशीचं ग्राहक सेवेचं काम.

पालशेतला पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. पाणी उतरायला लागलं होतं, उजेड चालला होता. अप्पा खडपाकडे बघत उभे राहिले. खाली उतरतो म्हणाले नाहीत. अंधारात ओल्या दगडांवर म्हाताऱ्या माणसाने जाऊ नये, असं स्वतःच म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. मंगळवारी मुलांची शाळा, माझं ऑफिस. सोमवारी सकाळी निघून चिपळूण, कुंभार्ली करत घरी.

आता वासाकडे येते, कारण तुमच्याकडून तोही आला आहे.

चार दिवसांत आम्ही एकही मासा पकडलेला नाही. एकही. गरी पाण्याला लागलीच नाही. हर्णैला जे खाल्लं ते उतरलो होतो तिथेच खाल्लं. तरीही वास होता, हे मी नाकारत नाही. कशाचा, तेही सांगते. अप्पांनी आमिषाला पाव किलो बारीक कोळंबी घेतली होती, थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, झाकणाला चिकटपट्टी लावून. साडेबाराला निघालेला बर्फ दीड वाजता पालशेतला टिकला असता. तुम्ही एसी बंद, इंजिन बंद करून गाडी चार तास उन्हात ठेवलीत. बर्फाचं पाणी झालं, पाणी झाकणातून गालिच्यावर आलं. म्हणजे तो वास तुमच्या लॉकने केलेला आहे, आणि त्याचे अडीच हजार माझ्याकडून घेतलेत. कुणाची अक्कल म्हणायची ही? आम्ही गुहागरला रात्री गालिचा काढून साबणाने धुतला, पहाटेपर्यंत वाळवला. त्याचं बिल मी लावलेलं नाही. लावायला पाहिजे होतं.

बरं, 'वाहन पाण्यात नेणे'. तुमच्या पानावर सगळ्यात वर जी जाहिरात आहे, तिच्यात हीच गाडी, याच रंगाची, समुद्रकिनाऱ्यावर पुढची दोन चाकं लाटेच्या फेसात बुडवून उभी आहे. शेजारी एक हसरं कुटुंब. चालकाच्या जागी सर आहेत, अर्थात. त्या गाडीला किती दंड केलात? की तिथे नकाशावर रस्ता दिसतो?

माझं म्हणणं इतकंच. दहा हजार अनामत पूर्ण परत. २५ तारखेचं एका दिवसाचं भाडं, ४,९०० रुपये, परत. आणि प्रवासी आत असताना, गाडी बोटीवर किंवा घाटात असताना लांबून इंजिन बंद करण्याचा अधिकार तुमच्याकडे कोणी दिला, याचं लेखी उत्तर, कोणत्याही मॅडम किंवा सरांच्या सहीने. पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथे, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. वकीलही लागत नाही. माझ्याकडे वही आहे, स्क्रीनशॉट आहेत, जेट्टीचा फोटो आहे (मागे पाण्यासकट), वडापावचा फोटो आहे, आणि मी कोथरूडची आहे. वेळ काढीन.

तुमच्याकडून ही आमची चौथी गाडी होती. आधीच्या तिन्ही वेळा मी ओळखीच्यांना सांगत होते, घ्या, चांगले लोक आहेत. आता त्या सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले, याचाही राग आहे.

आपली माजी ग्राहक
(नाव, पत्ता, बुकिंग क्रमांक तुमच्याकडे आहे. तुम्ही 'सर' म्हणून नोंदवलाय, त्याखाली शोधा.)

ता.क. अप्पांचा गरीचा दोरा मागच्या डाव्या सीटखाली राहिला आहे, लाकडी रिळावर गुंडाळलेला. पैशांचं ठरेल तेव्हा ठरेल, तो आधी कुरिअरने पाठवा. गरी उघडी आहे, हात घालताना जपून घाला.