आश्रमशाळेतील सिकलसेल तपासणी : सही कोणाची, अहवाल कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक आश्रमशाळेत सर्व विद्यार्थ्यांची सिकलसेल तपासणी झाली, तालुक्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले, अशा बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर अधूनमधून वाचायला मिळतात. त्या मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणी काही विचारले होते का, हे मात्र त्या बातम्यांत कधी नसते. गडचिरोली जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे गेल्यामुळे या प्रश्नाची मला थोडीफार माहिती आहे. म्हणून हे पत्र.

माझा तपासणीला विरोध नाही, हे आधीच सांगते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरचा आहे. ज्या बाळाला आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्ही सदोष जनुक मिळाले आहेत, त्याचे निदान लवकर झाले तर पेनिसिलिन, न्यूमोकॉकल लस आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांच्या आधाराने त्याचे आयुष्य वाढते आणि त्यातल्या वेदनाही कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, त्याचे मी स्वागतच करते. माझा आक्षेप ही तपासणी ज्या रीतीने उरकली जाते, त्या रीतीला आहे.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले जाते आणि मुले रांगेत उभी राहतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडतात आणि काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर चाचणी पॉझिटिव्ह. हे सारे रांगेतली पुढची-मागची मुले डोळे फाडून पाहत असतात. कोणाची नळी गढूळ झाली, हे दुपारच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळ्या वसतिगृहाला ठाऊक झालेले असते. वास्तविक या सोल्युबिलिटी चाचणीवरून मूल नुसते वाहक आहे (म्हणजे त्याला एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळाले आहे) की आजारी आहे, हे कळतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते आणि तिचा अहवाल यायला कधी आठवडे जातात. तोवर जी मुलगी नुसती वाहक आहे आणि जिला सिकलसेलचा त्रास सहसा होणार नाही, तीही शाळेत ‘सिकलवाली’ होऊन बसते. एका शाळेत तर पॉझिटिव्ह मुलांची नावे लिहिलेला कागद कार्यालयाबाहेर चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याच यादीचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत होता. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता, असे मी म्हणत नाही. काम झाल्याचा पुरावा वर पाठवायचा होता, इतकेच.

अशाच एका मुलीची आई रुग्णालयात माझ्याकडे आली होती. तिच्या हातात अहवाल नव्हता. तिला बाजारात कोणीतरी सांगितले होते. “बाई, पोरीले का झाला मनते?” एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मुलगी फक्त वाहक होती. वाहकाने वाहकाशी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. सदोष जनुक नसलेल्याशी केले तर आजारी मूल जन्मणार नाही, हे मी त्या आईला समजावून सांगू शकले. गावाला कोण समजावणार होते? आमच्याकडे स्थळ मोडायला एवढी कुणकुण पुरते, आणि मोडते ते बहुधा मुलीचे.

आता सहीचा प्रश्न. बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालकाची, किंवा ते मूल कायद्याने ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीची संमती पुरते, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २७ सांगते. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ८९ होते. त्यामुळे मुख्याध्यापकांनी किंवा अधीक्षकांनी एकगठ्ठा सही केली तर ती बेकायदा ठरेल, असे म्हणणे कठीण आहे. परंतु ज्या मुलाचे आईवडील पन्नास किलोमीटरवर धान रोवत आहेत, त्याच्या वतीने शाळेने दिलेली परवानगी तापाच्या गोळीसाठी ठीक आहे. जन्मभर पुसता न येणाऱ्या आणि भावंडांबद्दल, आईवडिलांबद्दलही काही सांगून जाणाऱ्या माहितीसाठी ती अपुरी आहे. मूल वाहक निघाले आणि आईवडील दोघांतही सदोष जनुक नाही असे निघाले, तर त्या घरात कोणता प्रश्न उभा राहील, याचा विचार करून तपासणीला निघालेले पथक माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवाय बारा वर्षांवरील मुलांना फौजदारी कायदाही संमती देण्यास सरसकट असमर्थ मानत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा लेखी होकार घ्यावा लागतो. तेच रक्त संशोधनासाठी घेतले तर मुलाला विचारायचे आणि अभियानासाठी घेतले तर विचारायचे नाही, याला नियमांचा आधार असेलही; त्यातली संगती मला लागत नाही.

वाहकतेची तपासणी मूल मोठे होईपर्यंत थांबवावी, असा एक विचार आहे. बालपणी आरोग्याचा काही लाभ होणार नसेल तर मुलांची अशी तपासणी सरसकट करू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये म्हटले आहे. आपल्याकडे तो विचार जसाच्या तसा लागू करणे मला पटत नाही, कारण आजारी मूल शोधायला जी सुई टोचतो, तीच वाहकही दाखवते आणि आजारी मुलाला थांबायला वेळ नसतो. मग उरतो तो माहिती कशी सांभाळायची हा प्रश्न, आणि ते शिकवावे लागते.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग २०१९ च्या तुकडीपासून सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण आश्रमशाळेत प्रत्यक्ष जाते कोण? २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. सिकलसेलसाठी प्रयोगशाळा तंत्रज्ञ येतो. एटकॉमची पुस्तिका यांच्यापैकी कोणासाठीच लिहिलेली नाही. तंत्रज्ञाला नळी कशी धरायची हे शिकवले जाते. नळी कोणासमोर धरू नये, हे त्याला सांगितले जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत आकड्यांचा आढावा घेऊन झाल्यावर अर्धा तास असे एखादे घडलेले प्रकरण, नाव न घेता, चर्चेला ठेवले तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. विदर्भात गडचिरोली, भंडारा, अमरावती, वाशीम, बुलढाणा येथे २०२४ मध्ये नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. सेवाग्रामला प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तशी गडचिरोलीच्या तुकडीने एक आश्रमशाळा घ्यावी आणि एटकॉमचे काही तास तिथेच व्हावेत. सातवीतल्या मुलाला गोंडीत किंवा माडियात “तुझे रक्त कशासाठी घेतो” हे दुभाष्याच्या मदतीने सांगताना विद्यार्थ्यांना जे उमगेल, ते वर्गातल्या पडद्यावर दाखवता येत नाही.

संमतीसाठी आश्रमशाळेच्या वर्षातच दोन सोयीच्या वेळा आहेत. जूनअखेर पालक मुलाला सोडायला येतात, तेव्हा तपासणीची माहिती त्यांच्या भाषेत वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. दिवाळीच्या सुट्टीत ते मुलाला न्यायला येतात, तेव्हा अहवाल एकेका कुटुंबाला वेगळे बसवून द्यावा. मधल्या काळात निश्चित निदान झालेल्या आजारी मुलांच्या पालकांना अर्थातच ताबडतोब बोलवावे. त्या मुलांची नावे अधीक्षकांना पालकांच्या माहितीने कळलीच पाहिजेत, कारण रात्री अंग ठणकू लागले किंवा ताप चढला तर सकाळची वाट पाहून चालत नाही, आणि थंडीत गार पाण्याची आंघोळ त्यांना वर्ज्य असते. वाहक मुलांची नावे शाळेला कळण्याचे मला एकही वैद्यकीय कारण दिसत नाही. आरोग्य विभाग आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी एवढे एक परिपत्रक पुढच्या फेरीआधी संयुक्तपणे काढावे, अशी माझी मागणी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ,
आरमोरी, जि. गडचिरोली