कोरोनाडोच्या केटचा खून झाला हे कशावरून?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत झपाटलेल्या हॉटेलांची जी मालिका चालू आहे त्यात यावेळी कॅलिफोर्नियातलं हॉटेल डेल कोरोनाडो आलं. फोटो झकास, लाल छपराचं ते समुद्रकाठचं लाकडी हॉटेल आहेच तसं, 1888 पासून उभं आहे. पण लेखात सरळ ठोकून दिलंय की जुगारी नवऱ्याने गरोदर बायकोचा, म्हणजे केटचा, बीचच्या पायऱ्यांवर खून केला आणि तेव्हापासून ती तिथे फिरते. भूत फिरतं की नाही यावर मला वाद घालायचा नाही, ज्याला दिसतं त्याला दिसू दे. पण खून कुठून आणला?

नोंदी आहेत ना, आणि बऱ्याच आहेत. 24 नोव्हेंबर 1892 ला, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी, एक तरुण बाई एकटीच आली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं लॉटी बर्नार्ड, गाव डेट्रॉइट. सामान काही नाही. डॉक्टर भाऊ मागून सामान घेऊन येतोय म्हणाली, तो आलाच नाही. तब्येत बरी नव्हती हे हॉटेलच्या लोकांनी पाहिलेलं. मग ती सॅन दिएगोत जाऊन पिस्तूल घेऊन आली, आणि 29 तारखेला सकाळी बीचकडे उतरणाऱ्या बाहेरच्या जिन्यावर हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला तिची बॉडी दिसली, डोक्यात गोळी. चौकशी बसली, साक्षी झाल्या, निकाल दिला आत्महत्येचा. खुनाचा दावा पुष्कळ म्हणजे पुष्कळ वर्षांनी एका वकिलाने पुस्तक लिहून केला, तो दावा म्हणून छापा की, कोण नको म्हणतंय. गरोदरपणाचंही तेच, तो अंदाज आहे.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे जी तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. ही बाई कोण हेच कोणाला कळेना! पोलिसांनी तिचं वर्णन गावोगाव तारेने पाठवलं, पेपरवाल्यांनी 'सुंदर अनोळखी बाई' म्हणून रोज मजकूर चालवला, मधेच डेट्रॉइटची बेपत्ता झालेली दुसरीच मुलगी ही असावी असंही छापून झालं, आणि शेवटी निघाली केट मॉर्गन, मूळची आयोवाची, लॉस एंजेलिसमध्ये एका घरी कामाला असलेली. तोवर ती तशीच शवगृहात पडून. तिच्या आजोबांना कळवलं तर त्यांची तार आली की पुरून टाका आणि हिशोब पाठवा. बस एवढंच. हे वाचून माझ्या अंगावर जो काटा आला तो तुमच्या लेखातल्या आपोआप चालू होणाऱ्या टीव्हीने आणि थंड झुळुकीने नाही आला, खरं सांगते.

हॉटेलवाले ही कहाणी सांगतात तो त्यांचा धंदा आहे, तिची खोली तेव्हा 302 होती, आता नंबर 3327, आणि लोक मुद्दाम तीच मागून घेतात. त्यांनी तिखटमीठ लावलं तर समजू शकते मी. पण पेपरने पण तेच करायचं? 1892 च्या पेपरांनी निदान चुकत-माकत का होईना शोध तरी घेतला होता, तुमच्या लेखकाने ऑनलाइन सापडलेलं सगळं एकत्र कालवून टाकलंय. त्यामुळे पुढच्या अंकात छोटीशी का होईना दुरुस्ती छापा.

अजून एक. पुढच्या रविवारी कोलोराडोचं स्टॅनली हॉटेल येणार असं खाली चौकटीत लिहिलंय म्हणून आधीच सांगून ठेवते. तिथल्या भुताच्या गोष्टींत 217 नंबरच्या खोलीचा विषय येणारच, तर तिथली चेंबरमेड, म्हणजे खोल्या आवरणारी बाई, 1911 च्या गॅसच्या स्फोटात मेली असं प्लीज लिहू नका. दिव्यांचा ॲसिटिलीन गॅस लीक झालेला, ती मेणबत्ती घेऊन खोलीत गेली आणि भडका उडाला, जमीन खचली आणि ती थेट खालच्या मजल्यावर पडली, पायाची हाडं मोडली पण वाचली. त्या वेळच्या पेपरांत तिचं नावसुद्धा ठिकठिकाणी वेगळं छापलंय, ते तेवढं तपासून घ्या.

आपली,
एक नियमित वाचक